तपेली आणि कागदी कप

दिवाळीला दहा-बारा दिवस होते. दुपारचे अडीच वाजले असतील. ओटा पुसून झाला होता आणि मी हिंचक्यावर पाय वर घेऊन बसले होते. तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी आरोळी आली, "ए वाऽऽसण... जूनां कपडां..." आमच्या सोसायटीच्या फाटकावर 'फेरियाओने प्रवेश नथी' अशी पाटी आहे, पण दुपारी वॉचमनभाई डुलक्या घेतात आणि ही बाई बरोबर तेव्हाच येते. आई अशा बायकांना बोहारीण म्हणायची, इथे बडोद्यात सगळे वासणवाळी म्हणतात. डोक्यावर स्टीलच्या भांड्यांची टोपली, खांद्याला जुन्या कपड्यांचं गाठोडं. मी हाक मारली आणि आतून दोन उशांच्या खोळी भरून कपडे आणले. ती बाहेरच्या ओट्यावर मांडी घालून बसली. एकेक कपडा उचलायचा, उजेडाकडे धरायचा, चिमटीत चोळायचा आणि डावीकडे किंवा उजवीकडे टाकायचा. डावीकडचा ढीग वाढत चालला. "आ बधुं पोलिस्टर," ती म्हणाली, "याला कोणी विचारत नाही. सुती असेल तर कारखान्यात पुसायला तरी जातं." तिच्या बोटांना जे कळत होतं ते मला लेबल वाचूनही कळलं नसतं.

मग तिने एक कुर्ता उचलला. मोरपंखी. बगलेखाली किमतीचा पुठ्ठा तसाच लटकत होता. "बेन, आ तो नवो छे!" मी म्हटलं, "माप बरोबर आलं नाही." खरं म्हणजे तो कुर्ता आपण मागवला होता हेच मी विसरले होते. कुठल्याशा सेलमध्ये रात्री अकरा वाजता बोटाने टकटक करून घेतलेला, परत पाठवायची मुदत कधीच उलटून गेलेली. पण खोटं बोलून झालं आणि मी लगेच घासाघीस सुरू केली. ती तीन लिटरची तपेली देत होती, मला पाच लिटरची हवी होती. ती आणखी एक साडी मागत होती. मी ह्यांची एक पँट वाढवली. तिने कपाळावर हात मारला, मी उठल्यासारखं केलं, ती हसली. पाच लिटरची तपेली मला मिळाली. बँकेत तीस वर्षं काढलेली बाई मी, मला अशा वेळी फार स्फुरण चढतं.

गाठोडं बांधताना ती म्हणाली, "बेन, थोडुं पाणी." मी आत गेले. घासलेले स्टीलचे पेले रॅकवर पालथे पडलेले होते, अगदी हाताशी. वरच्या फळीवर गणपतीच्या आरतीला आणलेल्या कागदी कपांची उरलेली चळत होती, तिच्यापर्यंत पोचायला टाचा उंचवाव्या लागतात. मी टाचा उंचावल्या.

तिने पाणी प्यायलं, कप झटकला, पदराने आतून कोरडा केला आणि गाठोड्यात खोचून ठेवला. उन्हात चालती झाली.

संध्याकाळी नवी तपेली घासून तिच्यात दूध तापत ठेवलं. साय धरायला लागली आणि माझ्या लक्षात आलं. तिच्या हातची तपेली माझ्या गॅसवर चढली होती. माझ्या हातचं पाणी मात्र तिला कागदातून गेलं होतं.

ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "अगं, कोरोनापासून सगळ्यांनाच तशी सवय लागलीय." असेलही. पण त्याच सकाळी गॅसची शेगडी दुरुस्त करायला आलेल्या मुलाला मी स्टीलच्या पेल्यातून पाणी दिलं होतं, आणि वर "बेटा, चहा घेतोस का" असंही विचारलं होतं. तेव्हा हाताला कोरोना आठवला नव्हता. हात डोक्याच्या आधी ठरवून मोकळा होतो, आणि तो कोणाकडून शिकलाय हे मला ठाऊक आहे.

दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या वाड्याला मागल्या दारी एक कोनाडा होता. त्यात एक पोचा आलेलं फुलपात्र असायचं. ते घरातल्या कुठल्याच भांड्यात मिसळत नसे. बोहारीण आली, झाडूवाली आली, की आई त्या फुलपात्राने वरून धार धरायची आणि खाली त्यांची ओंजळ. पाणी कोपरांवरून ओघळून जायचं, निम्मं सांडायचं. मी आठवीत असताना विचारलं होतं, मग तिच्याकडून घेतलेली भांडी कशी चालतात? आई शांतपणे म्हणाली, "चिंचेनं घासली, चुलीवर चढली की शुद्ध." म्हणजे माणसाला शुद्ध करायला चिंच आणि चूल नव्हती, पातेल्याला होती. वाडा विकला, आम्ही मांजलपूरच्या या टेनामेंटमध्ये आलो, तेव्हा ते फुलपात्र भंगारात गेलं आणि मी मनाशी म्हटलं होतं की चला, ते एक संपलं. माझ्या घरात असा कोनाडा नाही, याचा मला इतकी वर्षं बारीकसा अभिमान होता. आता वाटतं, ते फुलपात्र निदान रोज तिथे दिसायचं. लाज वाटायची झाली तर तिला टेकायला एक जागा होती. कागदी कप चुरगळून टाकला की लाजेलाही जागा राहत नाही. आणि तो कप नुसता कागदही नसतो, आतून प्लॅस्टिकचा पापुद्रा असतो, म्हणून तर पाणी झिरपत नाही आणि म्हणूनच तो धड कुजतही नाही. कचऱ्याच्या गाडीत तो हाताने निवडायला लागतो. कोणाच्या हाताने, ते सांगायला नको.

आईबद्दल एवढं लिहून मला बरं वाटत नाहीये. कारण त्याच बाईच्या घरात चिंधीसुद्धा वाया जात नसे. तिची नऊवारी आधी बाहेरची, मग घरातली. विरायला लागली की मधून कापून धडाच्या बाजू जोडायच्या आणि आणखी एक पावसाळा काढायचा. मग तिची दुपटी. मऊ म्हणून बाळंतिणींच्या घरून मागणी असायची. मग थरावर थर घालून गोधडी. दुपारी आई गोधडी पसरून बसली की अख्खी खोली व्यापून जायची. काठाकाठाने धावदोरा घालत ती चौकोनात चौकोन करत आत सरकायची आणि शेवटी मधोमध येऊन थांबायची. त्या गोधडीला हळदीचा, उन्हाचा आणि किंचित रॉकेलचा वास यायचा. गोधडीही फाटली की फडकी, फडक्यांचं पायपुसणं, पायपुसण्याचं पोतेरं. हे सगळं प्रेमापोटी होतं असं आता म्हणायची पद्धत आहे. तसं काही नव्हतं. वडिलांचा पगार अपुरा होता आणि आईची पाठ कायम दुखायची.

निवृत्तीनंतर मी मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीत जाते. मराठी पुस्तकांची कपाटं तिथे अजून आहेत, वाचणारे कमी झालेत. तिथे बुद्धाच्या काळच्या भिक्खूंच्या नियमांविषयी वाचताना बुद्धाचा शिष्य आनंद याची एक गोष्ट भेटली आणि मी चक्क हसले. कोसंबीच्या उदयन राजाच्या राण्यांनी आनंदाला पाचशे चीवरं, म्हणजे भिक्खूंची वस्त्रं, दान दिली. राजाला राग आला, हा भिक्खू आता कापडाचं दुकान काढणार की काय! त्याने जाऊन विचारलं, एवढ्या चीवरांचं करणार काय? ज्यांची जीर्ण झालीत त्यांना वाटणार. मग ती जीर्ण झालेली? त्यांची पांघरुणं. जुन्या पांघरुणांचं? गाद्यांच्या खोळी. जुन्या खोळींचं? जमिनीवर अंथरायला. जुन्या अंथरुणांचं? पायपुसणी. जुन्या पायपुसण्यांचं? झटकायची फडकी. आणि ती फडकी? कुटून, चिखलात कालवून, त्याने जमीन सारवतो, महाराज. राजा इतका खूष झाला की त्याने आणखी पाचशे वस्त्रं दिली. अडीच हजार वर्षांपूर्वीचा तो हिशेब म्हणजे आमच्या आईचा हिशेब होता, पोतेऱ्यापर्यंत. चीवर ही वस्तूही मुळात गोधडीच. मगधातल्या भातखाचरांसारखे तुकडे तुकडे जोडून शिवायचं. अखंड कापडाचा मोह पडतो, चोरालाही आणि नेसणाऱ्यालाही, म्हणून आधी ते कापायचं. उकिरड्यावरच्या आणि स्मशानातल्या चिंध्या गोळा करून शिवलेल्या चीवराला तर वेगळं नाव होतं, पंसुकूल. बुद्ध आणि मार्क्स यांना शेजारी ठेवून लिहिताना बाबासाहेबांनी भिक्खूच्या मालकीच्या आठ वस्तूंची यादी दिलीय. तीन वस्त्रं, कमरेचा पट्टा, भिक्षापात्र, वस्तरा, सुई आणि पाणी गाळायचं गाळणं. मला त्यातली सुई फार आवडते. सगळं सोडून निघालेल्या माणसालाही सुई सोडायची नव्हती.

पण आनंदाची आणखी एक गोष्ट आहे, आणि ती मला टाळता येईना.

दिव्यावदान या जुन्या बौद्ध कथासंग्रहात आहे ती. श्रावस्तीत भिक्षा मागून आनंद परत येत होता. तहान लागली. विहिरीवर एक मुलगी पाणी शेंदत होती, तिच्याकडे त्याने पाणी मागितलं. ती म्हणाली, मी मातंगाची मुलगी आहे. तो म्हणाला, ताई, मी तुझं कुळ विचारलं नाही, जात विचारली नाही. पाणी असेल तर दे, पिईन. बस. पुढे गोष्टीत बरंच काही होतं, मंत्रतंत्र, प्रेम, जातीवरचा लांबलचक वाद, पण माझं मन विहिरीवरच अडकतं. चिंध्यांचा हिशेब ठेवणारा आणि जात न विचारता पाणी पिणारा, हा एकच माणूस. आईला त्यातलं पहिलं पुरेपूर येत होतं. दुसरं आलं नाही. म्हणून आजकाल कोणी 'आपल्या आजीच्या काळी कचराच नव्हता' असं गोड गोड लिहिलं की मला कोनाडा दिसतो. काटकसर होती, मान्य. तिच्या शेजारीच ते फुलपात्रही होतं. कमी वस्तूंत राहणारा समाज आपोआप मायाळू होतो, हे मला कोणी पटवू शकणार नाही. मी त्या घरात वाढलेय.

आणि हे सगळं आमच्या गावात घडून गेलेलं आहे, माझ्या घरापेक्षा कितीतरी मोठ्या प्रमाणावर. रोज सकाळी मी कमाटीबागेत फिरायला जाते. लहानपणी रविवारी तिथे जायचो ते बालगाडीत बसायला, माकडं बघायला आणि म्युझियममधला देवमाशाचा अजस्र सांगाडा बघून तोंडाचा आ करायला. शाळेची सहल गेली तरी बाई तो सांगाडाच दाखवायच्या. त्याच बागेतल्या वडाबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. बाबासाहेब कोलंबियाला गेले ते सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर, महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षं, बदल्यात संस्थानची दहा वर्षं नोकरी. त्या कराराप्रमाणे ते 1917 च्या सप्टेंबरात बडोद्यात आले. कचेरीत शिपाई फायली लांबून टाकायचे. प्यायला पाणी मिळायचं नाही. राहायला जागा मिळेना, तेव्हा पारशी नाव सांगून ते एका पारशी सरायीत राहिले. त्या जागेचं वर्णन त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय. वरच्या मजल्यावर एक लहानशी खोली, आणि बाकी सगळा मोठा दिवाणखाना फळ्या, बाकं, मोडक्या खुर्च्या अशा टाकाऊ सामानाने भरलेला. मिणमिणता कंदील. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले लोक दारात उभे राहिले. मग एका हिंदू मित्राकडे विचारून झालं, तो म्हणाला, तू आलास तर माझे नोकर निघून जातील. एका ख्रिस्ती मित्राकडे विचारून झालं, त्यालाही बायकोला विचारायचं होतं. मुंबईची गाडी रात्री 9 ला. मधले तास त्यांनी कमाटीबागेत काढले. दर वर्षी 23 सप्टेंबरला तिथे निळे झेंडे येतात, दुरून दुरून माणसं येतात, वडाखाली मेणबत्त्या लागतात. त्या दिवशी आमचे नेहमीचे फिरणारे म्हणतात, आज गर्दी आहे, दुसऱ्या फाटकाने जाऊ.

मला त्या दिवाणखान्यातल्या मोडक्या खुर्च्या विसरता येत नाहीत. गावाने नको असलेलं सामान जिथे टाकलं होतं, तिथेच बाबासाहेबांना ठेवलं. आणि गंमत अशी, गंमत हा शब्द चुकीचा आहे पण दुसरा सुचत नाही, की परीक्षा पास झाल्यावर केळुसकर गुरुजींनी त्यांना जे बुद्धचरित्र भेट दिलं, ते गुरुजींनी बडोद्याच्याच ग्रंथमालेसाठी लिहिलेलं होतं. बौद्ध धर्माचे अभ्यासक धर्मानंद कोसंबी कलकत्त्याची चांगली नोकरी सोडून आले ते याच सयाजीरावांनी देऊ केलेल्या महिना 50 रुपयांवर. अट एवढीच, महाराष्ट्रात राहायचं आणि वर्षाला एक पुस्तक लिहायचं. बुद्धाला मराठीत आणायला या गावाने पैसे मोजले. पुस्तकं छापली. एक खोली देता आली नाही.

कपाच्या प्रकरणानंतर मी एक केलं. फोनमधली दोन खरेदीची अॅपं काढून टाकली. कपाटातले कपडे मोजले, साड्या सोडून एकशे चौदा भरले, आणि आठ वस्तूंची यादी आठवून आपलंच हसू आलं. ठरवलं, आता वर्षभर काही घ्यायचं नाही. सुरुवातीला जड गेलं. रात्री अकराला बोटं शिवशिवायची. नंतर खरंच हलकं वाटायला लागलं. उसवलेल्या बाह्या शिवल्या, एका जुन्या चादरीचे पडदे केले. त्या हलकेपणाची चटक लागते, आणि थोडी घमेंडही चढते. मैत्रिणींना मी ते 'संतुट्ठी परमं धनं' वगैरे ऐकवूही लागले होते. संतोष हेच मोठं धन. अर्थात, ज्यांच्या खात्यात दर महिन्याच्या एक तारखेला पेन्शन पडते त्यांनी ते म्हणणं सोपं आहे. बुद्धाने हे गरिबांना दामटून सांगितलं नाही. दारिद्र्य धन्य आहे असं तो कधी म्हणाला नाही, हे बाबासाहेबांनी ठासून लिहिलंय. दीघनिकायात, म्हणजे बुद्धाच्या उपदेशांच्या संग्रहात, तर एका राजाची गोष्टच आहे. त्याने राज्याचं रक्षण केलं पण निर्धनांना धन दिलं नाही. त्यातून दारिद्र्य वाढलं, दारिद्र्यातून चोऱ्या. मग राजा चोरांना पैसे देऊ लागला, ते पाहून आणखी लोक चोरी करू लागले. मग त्याने मुंडकी उडवायला सुरुवात केली, तेव्हा लोकांनीही शस्त्रं घडवली. कुठेही राजा असं म्हणत नाही की लोकांनी गरजा कमी कराव्यात. दुसऱ्या एका सुत्तात पुरोहित राजाला सल्ला देतो तो असा, की शेतकऱ्याला बी-बियाणं दे, व्यापाऱ्याला भांडवल दे, नोकराला वेतन दे. तिथे आधी ताटात पडतं, संतोषाचं नंतर बघू.

होळीनंतरच्या आठवड्यात ती पुन्हा आली. त्याच वेळेला, तीच आरोळी. मी जवळजवळ धावतच फाटक उघडलं. तिने मागायच्या आत रॅकवरचा पेला घेतला, माठातलं पाणी भरलं आणि दोन्ही हातांनी तिच्यापुढे धरला. माझ्या मनात या क्षणाची चार-पाच महिने तालीम चालली होती. तिने पेला घेतला, मान मागे टाकली आणि वरून धार धरून घटाघट पाणी प्यायली. ओठ लावला नाही. एक थेंब सांडला नाही. जन्मभराच्या सवयीचा हात होता तो. मी काही म्हणणार होते, पण काय म्हणायचं? ओठ लाव, असं कोणी कोणाला सांगतं? रिकामा पेला तिने ओट्याच्या कडेला ठेवला, माझ्या हातात दिला नाही. मी तो उचलला आणि तसाच धरून उभी राहिले.

गाठोड्याची एक बाजू उसवली होती. तिने ब्लाउजमध्ये अडकवलेली सुई काढली आणि म्हणाली, "दोरो होय तो आपो ने." मी पांढरं रीळ आणलं तर म्हणाली काळा दे, मळत नाही. तिला सुईत दोरा ओवता येईना. मी चष्मा आणून बसले, मलाही दोनदा चुकलं. तिसऱ्यांदा जमलं. ती शिवत असताना मी तिची मुलं विचारली, तिने माझी विचारली. धंदा बसलाय, म्हणाली. नवाच कपडा इतका स्वस्त मिळतो की जुना घेतो कोण.

शिवण संपवून तिने दातांनी दोरा तोडला आणि टोपली पुढे ओढली. एक सुंदर झाकणाचा डबा वर होता. "बोलो बेन, शुं छे आजे?"

मी म्हटलं, "आज काहीच नाही गं."

"काहीच नाही?"

"दिवाळीपासून मी नवं काही घेतलंच नाही. म्हणून जुनंही निघालं नाही."

तिने माझ्याकडे पाहिलं. मग घराकडे पाहिलं, दाराच्या तोरणाकडे, हिंचक्याकडे. आवाज एकदम खाली आणून, शेजारी ऐकणार नाहीत अशा बेताने तिने विचारलं, "साहेबनी नोकरी तो छे ने, बेन?"